थांबण्याचा इशारा कुणाचाही

देवाने माणसाला दोन कान दिले, दोन डोळे दिले, दोन हात दिले. त्यांतले काय कधी परत मागायचे, हे मात्र त्याने स्वतःकडे ठेवले. सुखराम लांजेवार यांच्याकडून त्याने कान परत घेतले आणि हात ठेवले. त्या हातांची ही कथा आहे. कथेच्या आरंभी श्रोत्यांनी कान द्यावेत, अशी आपल्याकडे विनवणी करतात. आज डोळे द्यावेत. ज्याची कथा सांगायची, तो मनुष्य डोळ्यांनीच ऐकतो.

भिलाईत सुपेल्याच्या चौकातून आत वळणाऱ्या रस्त्यावर एक सरकारी प्राथमिक शाळा आहे. पाच वर्ग, चार खोल्या, एकशे बारा मुले. मुलांची घरे रस्त्यापलीकडच्या वस्तीत आणि शाळेचे फाटक अलीकडे. मध्ये गिट्टीचे ट्रक, सळ्या वाहणारे टेम्पो, ऑटो आणि कामावर निघालेली घाईची माणसे. या रस्त्याच्या मधोमध, डोक्यावर जुने पिवळे हेल्मेट घालून, अडुसष्ट वर्षांचे सुखरामजी आठ वर्षांपासून रोज दोनदा उभे राहत आले. त्यांचा उजवा हात आडवा झाला की ट्रक थांबे. डाव्या हाताचे बोट हवेत लहानसे वर्तुळ काढू लागले की मुलांची रांग चालू लागे. मुले त्यांना बबा म्हणत. छत्तीसगढीत आजोबाला बबाच म्हणतात. त्यांना या कामाची नेमणूक नव्हती, पगार नव्हता, शिट्टीसुद्धा नव्हती. एके सकाळी दूध घेऊन जाताना त्यांना दिसले की दोन बाया आणि तीसेक मुले रस्त्याच्या काठावर अडून उभी आहेत. त्यांनी दुधाची किटली खाली ठेवली आणि हात वर केला. दुसऱ्या दिवशी ते किटलीशिवाय आले.

हा हात त्यांनी कुठे कमावला? भंडारा जिल्ह्यातल्या घरी चार भाऊ आणि शेत थोडे, म्हणून एकोणिसाव्या वर्षी ते मामाचे बोट धरून भिलाईला आले आणि पोलादाच्या कारखान्यात खलासी झाले. खलासी म्हणजे क्रेनखाली उभा राहणारा मनुष्य. क्रेन चालवणारा चाळीस हात उंचावरच्या केबिनमध्ये बसलेला. त्याला खालचे बोलणे ऐकू येत नाही, आणि भार नेमका कुठे टेकतो आहे तेही दिसत नाही. खालचा खलासी भाराला साखळी बांधतो आणि हातांनी बोलतो. बोट वर करून फिरवले, उचल. बोट खाली करून फिरवले, उतरव. चालत्या हातावर दुसऱ्या हाताचा तळवा स्थिर धरला, हळू, अगदी हळू. आणि दोन्ही हात पंखांसारखे पसरून झटक्याने हलवले, थांब! आहेस तिथे थांब!

या भाषेचे शास्त्र दोन ओळींचे आहे. चालवण्याचा इशारा एकाचाच मानायचा; थांबण्याचा इशारा कुणाचाही. साहेब असो, झाडणारा असो, काल कामाला लागलेला नवखा असो, त्याने दोन्ही हात पसरले की क्रेन थांबते आणि ‘का’ हे नंतर विचारले जाते. दुसरी ओळ अशी की ज्याने थांबवले, त्यानेच सोडायचे. एकेचाळीस वर्षे सुखरामजींनी ही दोन वाक्ये जपमाळेसारखी ओढली. एकादशी एखादे वेळी चुकली असेल, हा नियम चुकला नाही. पुढे रस्त्याच्या काठावर रांग लावताना मुलांनाही त्यांनी या खुणा आणि ही दोन वाक्ये शिकवली.

कानांचे म्हणाल तर कानांत घालायला बोळे मिळत. सुखरामजी ते इमानाने घेत आणि इमानाने शर्टाच्या खिशात घालत, कारण कानात खाज येते. निवृत्तीच्या वेळी त्यांना कमी ऐकू येई. नंतरच्या काही वर्षांत तेवढेही उरले नाही. ही गोष्ट जगात एकट्या सिंधुताईंना, त्यांच्या पत्नीला, ठाऊक होती.

“चाळीस वर्षं मी बोलली, यायनं आयकलं नाही,” त्या म्हणत. “आता सारा दोष कानावर.”

बाहेर मात्र गुपित राखले गेले. समोरचा बोलू लागला की सुखरामजी त्याचे ओठ पाहत, दोनदा ‘हव’, म्हणजे हो, म्हणत आणि हसत. लोक म्हणत, किती शांत मनुष्य! एक वाक्य तेवढे ते कुणाच्याही ओठांवरून अचूक वाचत, कारण ते रोज एखादा तरी ड्रायव्हर केबिनमधून वाकून म्हणायचाच : ‘बहरा है क्या?’ चिडून बोलण्याची ती एक रीत. तिच्यात खरे विचारलेले काही नसते. परंतु सुखरामजींच्या छातीत ते वाक्य रोज रुतत असे. कुणाला खरेच कळले तर? कळले तर शाळा म्हणेल, बहिऱ्या माणसाच्या भरवशावर मुले कशी सोडायची? आणि रस्ता हातचा जाईल. कारखाना सुटला तेव्हा त्यांना वाईट वाटले नव्हते. हा रस्ता सुटला तर या हातांचे काय करायचे, हे त्यांना ठाऊक नव्हते.

यंदा उन्हाने शाळेची सुट्टी आठवडाभर अलीकडे ओढली. एप्रिल असल्यामुळे शाळा सकाळचीच होती. शेवटच्या दिवशी साडेसातला चौथीच्या मुलांनी पाचवीला निरोप द्यायचा, मग निकालपत्रके, मग खीर-पुरी, आणि अकराला सुट्टी, अशी आखणी मुख्याध्यापिका आम्रपाली रामटेके यांनी केली होती. आम्रपाली मॅडमचे वडील रेल्वेत होते, माहेर गोंदियाचे. काम चोख, बोलणे थोडके. पाचवीची खोली रंगीत कागदाच्या साखळ्यांनी मढली होती. फळ्यावर खडूचे मोर होते, आणि एका मोराला सहा पाय होते, कारण काढणाऱ्या दोघांत भांडण झाले आणि दोघांचेही पाय तसेच ठेवावे लागले. मंडपवाल्याकडून स्पीकर आणला होता. तो दारापाशी, मेन स्विचच्या खाली ठेवला होता.

पाचवीत उन्नती नावाची मुलगी होती. काटक, वर्गाची पुढारी, आणि घरी मराठी बोलणारी म्हणून बबांची विशेष लाडकी. ती आदल्या दिवशी त्यांच्यासमोर येऊन म्हणाली, “आबाजी, उद्या तुमी समोरच बसा. आमी तुमच्यासाठी एक गोष्ट करून राहिलो. सरप्राइज हाय.”

“हव, हव,” सुखरामजी म्हणाले आणि हसले. यातले ‘समोर बसा’ त्यांना कळले; तेवढे पुरेसे होते.

समोर म्हणजे दारापाशी, मेन स्विचशेजारी. सोहळ्याला शिक्षण विभागाचे समन्वयक साहेब आले, हार झाला, चौथीतल्या मोहितने पाठ केलेले भाषण मध्येच विसरून ‘धन्यवाद’ म्हटले आणि त्यालाच सर्वांत जास्त टाळ्या पडल्या. मग पाचवीची सात मुले पुढे आली. डोक्यावर पिवळ्या कागदाचे हेल्मेट. गाणे सुरू झाले आणि सात उजव्या हातांची सात बोटे वर होऊन फिरू लागली.

उचल!

सुखरामजी खुर्चीत सरळ झाले. गाणे त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते; इशारा पोहोचला. बोटे खाली वळली, उतरव. तळवा हातावर स्थिरावला, हळू, अगदी हळू. काय दाखवीत होती ती लेकरे! रस्त्यावर रोज दोनदा पाहून पाहून त्यांनी ती भाषा उचलली होती आणि तिचा नाच बांधला होता. खलाशाची भाषा आजवर कुणी नाचली होती? भार उचलायच्या, भार ठेवायच्या त्या रुक्ष खुणा, आणि दहा वर्षांच्या मनगटांवर त्या फुलांसारख्या उमलत होत्या. सुखरामजींचे डोळे भरले. मनुष्य भरल्या डोळ्यांनी पाहतो तेव्हा तो जुन्या जागी जाऊन पाहतो. शाळेची खोली विरली, कारखान्याच्या शेडचा उंच पत्रा वर आला, साखळीला भार लटकला. आणि नेमक्या त्या क्षणी, गाण्याचा जोर चढताच, सातही मुलांनी दोन्ही हात पंखांसारखे पसरून झटक्याने हलवले.

सुखरामजी उठले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

गाणे तुटले. पंखे मंदावले. सात मुले हात पसरून जागच्या जागी थिजली, कारण बबा उभे होते आणि त्यांची नजर जमिनीवर काहीतरी शोधत होती : कोण अडकले? कुठे अडकले?

“अरे भई, बत्ती किसने बुझाई?” समन्वयक साहेबांनी विचारले.

“बबा ने, सर,” मोहित म्हणाला. “इन लोगों ने स्टॉप दिया था ना.”

वर्ग हसला. आम्रपाली मॅडम मागच्या रांगेतून म्हणाल्या, “काकाजी, स्विच चालू करा.” सुखरामजींची पाठ हलली नाही. “काकाजी!” पाठ हलली नाही. तिसरी हाक चढ्या आवाजात आली. त्या हाकेने फाटकाबाहेरचा ऑटोवालासुद्धा वळला. सुखरामजी वळले नाहीत. पंखे पूर्ण थांबले होते, आणि त्या शांततेत सर्वांना एकाच वेळी जे कळायचे ते कळले. साहेब हळूच म्हणाले, “इनको सुनाई नहीं देता क्या?”

उन्नतीने पसरलेले हात खाली घेतले. ते पाहून सुखरामजींनी स्विच वर केला. मग वळून सर्वांचे चेहरे पाहिले, आणि त्यांना उमगले की भार कुठेही नव्हता, आणि आपले गुपितही आता नव्हते.

नाच पुन्हा झाला. निकालपत्रके वाटली गेली. मॅडमनी सुखरामजींना कार्यालयात बोलावले आणि बोलण्याऐवजी मुलांची एक पाटी पुढे ओढून तिच्यावर लिहिले : कधीपासून?

“पाच-सहा वर्ष झाले, मॅडम.”

मॅडमनी खाली लिहिले : सांगितलं कावून नाही?

“सांगतलं असतं तं तुमी रोडवर उभं राहू देल्लं असतं?”

मॅडमनी पाटी पुसली. उत्तर दोघांनाही ठाऊक होते. मग त्यांनी लिहिले : हॉर्न ऐकू येत नाही?

सुखरामजींनी उजव्या पायातली चप्पल काढली. करंगळीच्या जागी काही नव्हते. “मॅडम, हे बोट गेलं तवा माये दोनी कान चांगले होते. मागून कोनी हाक मारली, मी वळून पाह्यलं, तेवढ्यात लोड हालला. चूक मायीच. आयकनारा मानूस इकडं पायते, तिकडं पायते. मले कोनी हाक मारत नाही, मी कावून वळू? मी रोडच पायतो.”

युक्तिवाद चांगला होता. मॅडमनी तो मान हलवून मान्य केला, आणि तरीही लिहिले : एकशे बारा लेकरं आहेत, काकाजी.

मग त्या उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शब्द लिहिण्याचे त्यांच्या जिवावर आले असावे. त्यांनी त्या सकाळी मुलांच्या नाचात पाहिले होते तेच केले : दोन्ही हात पसरले आणि झटक्याने हलवले.

सुखरामजींचे हात आपोआप खाली गेले. त्यांनी वाद घातला नाही, विनवणी केली नाही. थांबण्याचा इशारा कुणाचाही.

अकराला सुट्टी झाली. खीर वाढायला आलेल्या सिंधुताई फाटकापाशी भांडी घासत होत्या. त्यांनी नवऱ्याला रस्त्यावर न जाता फाटकाशी उभे पाहिले आणि सगळे ओळखले. जवळ येऊन, त्यांच्या समोर उभ्या राहून म्हणाल्या, “झालं ना? मी बोल्ली होती, सांगून टाका. लपवलेली गोष्ट खिरीतल्या खड्यासारखी राहते, कोनाच्या ना कोनाच्या दातात येतेच.”

रस्त्यावर आम्रपाली मॅडम स्वतः उतरल्या होत्या, सोबत दोन शिक्षिका. मॅडमनी हात दाखवला. पहिला टेम्पो बाजूने निघून गेला. दुसऱ्याने वेग कमी केला, म्हणून रांग दोन पावले पुढे सरली, आणि त्याच्या मागून एक मोटारसायकल निघाली. रांग परत मागे. तिन्ही शिक्षिका तीन दिशांना हात करीत होत्या. हातात निकालपत्रके, गळ्यात कागदाच्या साखळ्या, अशी एकशे बारा मुले उन्हात काठावर दाटली होती. पलीकडून गिट्टीचा ट्रक येत होता.

“जा ना!” सिंधुताई म्हणाल्या.

सुखरामजींनी मान हलवली. “त्यायनं थांबवलं हाय. ज्यानं थांबवलं त्यानंच सोडायचं.”

“अवं, तिकडं लेकरं—”

“मनूनच.”

नियमाचे पालन सोपे असते तेव्हा त्याला कुणी भक्ती म्हणत नाही. सुखरामजींची सगळी विद्या त्यांच्या दोन हातांत गोळा झाली होती, आणि ते फाटकाच्या आत उभे होते. एकेचाळीस वर्षे ज्याने दुसऱ्याचे थांबणे मागितले, त्याला स्वतःचे थांबणे मोडता येत नव्हते.

काठावरच्या गर्दीतून उन्नतीने मागे वळून त्यांना पाहिले. काय अडले आहे, ते तिला बरोबर कळले. ती त्यांचीच विद्यार्थिनी होती. तिने मॅडमचा पदर ओढला. “मॅडम, वो ऐसे नहीं आएंगे. आपने स्टॉप दिया है तो आपको ही छोड़ना पड़ेगा. ऐसे.” आणि बोट वर करून फिरवून दाखवले.

आम्रपाली मॅडमनी फाटकाकडे पाहिले. ट्रककडे पाहिले. रांगेकडे पाहिले. मग त्या भर रस्त्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी उजवा हात वर करून बोटाने हवेत एक वर्तुळ काढले, अडखळत, नव्या माणसाच्या हाताने.

सुखरामजींनी हेल्मेट डोक्यावर घट्ट केले. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाहिले आणि ते उतरले. हात आडवा झाला. ट्रकचे पुढचे चाक त्यांच्यापासून दहा हातांवर थांबले. बोट फिरू लागले आणि पहिलीची मुले निघाली, मग दुसरीची, मग तिसरीची. पंढरीच्या राजाने विटेवर उभे राहून कमरेवर हात ठेवले, म्हणून जगाला त्याचे रूप ठाऊक आहे. इथे एका खलाशाने एक हात आडवा धरला आणि एक वर धरला. ज्यांना पाहायचे त्यांनी हेही रूप पाहावे. मॅडमनी मुले पाहिली नाहीत. त्या केवळ सुखरामजींचे डोळे पाहत होत्या. डावीकडे, उजवीकडे, रांग. डावीकडे, उजवीकडे, रांग. ते डोळे एकदाही ढळले नाहीत.

ट्रकवाल्याला मात्र उशीर होत होता. त्याने हॉर्न दिला. पुन्हा दिला, मग दाबूनच धरला. रांगेतल्या लहानग्यांनी कानांवर हात घेतले. सुखरामजींची पापणी लवली नाही. अखेर ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि रोजचे वाक्य त्याच्या ओठांवर आले :

“ए डोकरा! बहरा है क्या?”

एरवी सुखरामजी अशा वेळी नजर काढून घेत. आज त्यांनी त्याच्याकडे पाहिले. स्वतःला ऐकू न येणाऱ्या आवाजाचा अंदाज माणसाला नसतो, म्हणून ते जरा जास्तच मोठ्याने बोलले. साऱ्या रस्त्याला ऐकू गेले.

“हव, बहरा हूं. हाथ देख!”

ड्रायव्हरने हॉर्न सोडला. मग त्याने इंजिनच बंद केले. चौथी गेली. सर्वांत शेवटी पाचवी निघाली, कारण पाचवीला आता हा रस्ता पुन्हा ओलांडायचा नव्हता. त्यांची पुढची शाळा वस्तीच्याच बाजूला होती. मधोमध पोहोचल्यावर उन्नती थांबली.

“आबाजी, आमी चुकलो का? नाचात स्टॉप टाकायचा नव्हता?”

“नाई वं. स्टॉप बराबर होता,” सुखरामजी म्हणाले. “मनूनच तं मी उठलो. चाल, ट्रक उभा हाय.”

रस्ता मोकळा झाल्यावर मॅडम त्यांच्यासमोर आल्या. पाटी आत राहिली होती, म्हणून त्यांनी सावकाश, ओठ दिसतील असे म्हटले, “सोळा जूनला शाळा उघडते. काठावर एक शिक्षिका रोज तुमच्यासोबत उभी राहील. आणि आता लपवायचं नाही.”

“हव,” सुखरामजी म्हणाले. या वेळी त्यांना सगळे कळले होते, आणि ते एकदाच म्हणाले.

हेल्मेट मॅडमनी मागून घेतले. खोली सजवताना उरलेला लाल रंग होता. कपाळाच्या बाजूला मॅडमनी स्वतः अक्षरे काढली, हिंदीत, कारण ती ड्रायव्हरांसाठी होती : ‘बहरा हूं. हाथ देखो.’ रंग ओला होता, म्हणून सुखरामजी त्या दुपारी हेल्मेट डोक्यावर न घालता दोन्ही हातांत समोर धरून घरी गेले, आणि अक्षरे बाहेरच्या बाजूला होती. वाटेत लोक वाचत होते. सिंधुताई रिकामे पातेले घेऊन मागून चालल्या होत्या आणि जन्मभराच्या सवयीने काहीतरी बोलत होत्या.